गॅरटी, मॅकव्रीस आणि आम्ही

स्टीफन किंगनं ‘द लाँग वॉक’ लिहायला घेतली तेव्हा तो अमेरिकेतल्या मेन राज्याच्या विद्यापीठात पहिल्या वर्षाला होता, १९६६-६७ साली. त्याच्या वयाची अमेरिकन पोरं तेव्हा व्हिएतनामला धाडली जात होती. कादंबरी छापून यायला मात्र १९७९ उजाडलं, आणि तीही आली रिचर्ड बाकमन या टोपणनावानं. गोष्ट चार ओळींत सांगून होते. लष्करी अंमलाखालच्या अमेरिकेत दर वर्षी शंभर मुलं चालायला निघतात. वेग ताशी चार मैलांच्या खाली गेला की इशारा मिळतो आणि तीन इशारे संपले की गोळी. शेवटची रेषा कुठेच नाही, एकच जण उरेपर्यंत चालायचं. जो उरेल तो मागेल ते त्याला मिळतं.

२०२५ च्या सप्टेंबरमध्ये या कादंबरीवरचा चित्रपट आला. तो बघताना आणि बघून झाल्यावर आम्हा काही वाचकांचं काय झालं, ते लिहिते आहे. कादंबरीचा आणि चित्रपटाचा, दोन्हींचे शेवट यात येणार आहेत. ज्यांना ते आधी कळायला नको असतील त्यांनी इथेच थांबावं.

मी कादंबरी वाचली ती पुण्यात कॉलेजला असताना. अप्पा बळवंत चौकाजवळ जुन्या पुस्तकांच्या ढिगात ‘द बाकमन बुक्स’ हा चार कादंबऱ्यांचा जाडजूड संग्रह मिळाला होता. हॉस्टेलवर एका बैठकीत वाचली आणि नंतर कितीतरी दिवस रस्त्यानं चालताना स्वतःच्या पावलांकडे लक्ष जायचं. पुढे नोकरीसाठी कॅनडात विनिपेगला आले. इथे लायब्ररीत एका निवृत्त शिक्षकांची ओळख झाली, ती याच पुस्तकामुळे. ऐंशीच्या दशकात त्यांनी ते पहिल्यांदा वाचलं होतं आणि अजून दर दोन-चार वर्षांनी वाचतात. तिसरी माझी फिलिपिनो सहकारी आणि मैत्रीण. तिच्या गळ्यात हे पुस्तक मीच मारलं होतं. चौथा तिचा कॉलेजात जाणारा मुलगा. त्यानं कादंबरी वाचली नव्हती, पण पोरांना रिंगणात जिवावर लढवणारी ‘द हंगर गेम्स’ ही मालिका त्याला तोंडपाठ होती.

चित्रपटाचं घोंगडं वर्षानुवर्षं भिजत पडलं होतं. जॉर्ज रोमेरो करणार, फ्रँक डॅराबॉन्ट करणार, अशी एकेक नावं येत गेली आणि विरत गेली. शिक्षकांनी तर आशाच सोडून दिली होती. मग २०२३ मध्ये फ्रान्सिस लॉरेन्सचं नाव पुढे आलं. ‘हंगर गेम्स’चे पहिला सोडून सगळे चित्रपट त्याचे, त्यामुळे तो मुलगा हरखला आणि शिक्षक धास्तावले. त्यांचं म्हणणं होतं की या गोष्टीत राजवाडे नाहीत, भपकेबाज कपडे नाहीत, रिंगण नाही. पोरं चालतात आणि बोलतात, बास. ते या दिग्दर्शकाला जमणार का?

आणि मग कळलं की २०२४ च्या उन्हाळ्यात चित्रीकरण आमच्याच मॅनिटोबा प्रांतात होतंय. मेनमध्ये घडणारी गोष्ट इथल्या प्रेअरीवर! पण ज्यानं इथले रस्ते पाहिलेत त्याला ही निवड लगेच पटेल. दोन्ही बाजूंना शेतं, मध्ये सुतासारखा सरळ डांबरी रस्ता, क्षितिजापर्यंत एक वळण नाही. गाडीनं जातानासुद्धा वाटतं की आपण जागचे हललेलोच नाही. त्या उन्हाळ्यात शहराबाहेर पडले की उगाच मान वळवून बघायचे, कुठे एखादी तुकडी चालताना दिसते का. दिसली कधीच नाही.

एकेक बातमी येऊ लागली तशी आमच्यातली घालमेल वाढली. शंभराची पन्नास मुलं केली होती, चार मैलांचा वेग तीनवर आणला होता. शिक्षकांना दोन्ही खटकलं. मला वेगाचं पटलं. ताशी तीन मैल म्हणजे पाच किलोमीटरसुद्धा नाहीत. बाजारात पिशवी घेऊन चालतो तसा वेग. खुर्चीत बसलेल्या प्रत्येकाला वाटणार की एवढं तर मीही चालेन. भीती तिथूनच सुरू होते. जे मला अजिबात पटलं नाही ते वेगळंच. प्रदर्शनाआधी कॅलिफोर्नियात एक खास खेळ ठेवला होता, त्यात प्रेक्षकांनी ट्रेडमिलवर चालत चित्रपट बघायचा होता. ज्या कथेत पोरांचं चालणं हा देशाचा तमाशा होतो, तिच्याच जाहिरातीसाठी चालण्याचा तमाशा करायचा? मी त्या दिवशी फार चिडले होते, आणि आजही मला ते चुकीचंच वाटतं.

एका बातमीनं मात्र आम्ही चौघंही हळवे झालो. गोष्टीचा नायक गॅरटी, त्याच्या भूमिकेत कूपर हॉफमन होता, म्हणजे नट फिलिप सेमूर हॉफमनचा मुलगा. बाप लॉरेन्सच्याच ‘हंगर गेम्स’मध्ये होता आणि त्या मालिकेचं काम पुरतं संपायच्या आधी, २०१४ मध्ये गेला. आता त्याच दिग्दर्शकाच्या हाताखाली मुलगा उभा राहणार होता, आणि तोही बाप गमावलेल्या मुलाच्या भूमिकेत. चित्रपटातल्या गॅरटीच्या वडिलांना सरकारनं मारलेलं आहे.

पोलो पार्कजवळच्या थिएटरात पहिल्या शुक्रवारी संध्याकाळी आम्ही गेलो. बाहेर अजून उजेड होता. हॉल बऱ्यापैकी भरलेला. केस पिकलेले वाचक आणि कॉलेजची मुलं, मधल्या वयाचे कमीच. पहिल्याच प्रसंगात गॅरटीची आई त्याला गाडीनं सोडायला येते आणि शेवटच्या क्षणी तिचा धीर सुटतो. माझ्या मैत्रिणीनं तिथेच पॉपकॉर्नचा डबा खाली ठेवला. तो तिनं परत उचलला नाही.

पहिला जातो कर्ली. पायात गोळा येतो, इशारे संपत जातात आणि गोळी लागते ती कॅमेऱ्यासमोर. काहीही झाकलेलं नाही. हॉलमध्ये एकदम श्वास ओढल्याचा आवाज झाला, मागे कुणीतरी ‘ओ गॉड’ म्हणालं. पण तेव्हा कुणी रडलं नाही. मी हे मुद्दाम सांगतेय, कारण चित्रपट बघून लोक रडले असं म्हटलं की वाटतं, एवढी पोरं मरतात म्हणून रडले असतील. आमच्या हॉलमध्ये तसं झालं नाही. गोळी सुटली की माणसं दचकायची आणि डोळ्यांवर हात घ्यायची. डोळ्यांत पाणी यायचं ते एकमेकांना धरून चालणारी पोरं दिसली की.

ओल्सनचंच घ्या. सुरुवातीला हा पोरगा च्युइंगम चघळत टवाळक्या करतो. पुढे तो खचतो, आणि कळतं की याचं लग्न झालंय. मग बाकीचे ठरवतात की जो उरेल त्यानं याच्या बायकोचं बघायचं. कादंबरीत हा विवाहित मुलगा स्क्रॅम आहे. माझ्या शेजारी शिक्षक पुटपुटले, ‘हे स्क्रॅमचं आहे, ओल्सनचं नाही.’ पण पुटपुटताना त्यांचा चष्मा हातात होता आणि ते डोळे पुसत होते. मरायला निघालेली तीन पोरं, खिशात दमडी नाही, उद्याचा दिवस नाही, आणि ती दुसऱ्याच्या बायकोच्या पोटापाण्याची तरतूद करतायत! हे बघून कोण कोरडं राहील?

त्यांच्यातल्याच बेकरच्या नाकातून रक्त यायला लागलं तेव्हा मैत्रिणीनं छातीवर क्रूस केला. तो गेल्यावर पुन्हा केला. आणि एक प्रसंग होता ज्याची मला कादंबरी वाचल्यापासून धास्ती होती. रस्त्याच्या कडेला गॅरटीची आई उभी असते. तो तिच्याकडे धावतो, गळ्यात पडून माफी मागत राहतो, इशारे वाढत जातात आणि वाटेत जिवाभावाचा मित्र झालेला मॅकव्रीस त्याला अक्षरशः ओढून परत रस्त्यावर आणतो. मैत्रिणीनं शेजारी बसलेल्या मुलाचं मनगट धरलं. वीस वर्षांचा घोडा तो, एरवी चारचौघांत आईनं हात धरला की झटकणारा. त्यानं झटकला नाही. चित्रपट संपेपर्यंत तो हात तसाच होता.

एक गोष्ट मला हॉलमध्येच जाणवली. कादंबरीत रस्त्याच्या दुतर्फा माणसं असतात. ती हात हलवतात, ओरडतात, फलक धरतात, आणि पोरं जसजशी कमी होतात तसतशी गर्दी वाढत जाते. त्या गर्दीची वाचताना किळस येते. चित्रपटात रस्ता बहुतेक वेळ ओसाड आहे, क्वचित एखादं कुटुंब दाराशी उभं दिसतं. खरी गर्दी येते ती अगदी शेवटी. म्हणजे एवढा वेळ त्या पोरांना चालताना आणि मरताना बघत बसलेले होते फक्त आम्ही, तिकीट काढून आलेले. हा बदल कुणी या विचारानं केला की खर्च वाचवायला, मला माहीत नाही. माझ्यावर त्याचा परिणाम झाला एवढं खरं. किळस कुणाची करायची हेच कळेना.

शेवट. कादंबरीत मॅकव्रीस शांतपणे खाली बसतो आणि जातो. मग उरलेला शेवटचा मुलगा स्टेबिन्स कोसळतो आणि गॅरटी जिंकतो. पण त्याला आपण जिंकलोय हे उमगतच नाही. पुढे एक काळी आकृती त्याला बोलावते आणि तो तिच्या दिशेनं धावत सुटतो. चित्रपटात शेवटी गॅरटी आणि मॅकव्रीस उरतात. मॅकव्रीस बसतो, गॅरटी त्याला उठवून चालायला लावतो आणि स्वतः मागे थांबतो. हे चालणं ज्याच्या हुकमावर चालतं तो मेजर त्याला गोळी घालतो. जिंकलेला मॅकव्रीस इच्छा म्हणून बंदूक मागतो आणि मेजरला मारतो. ती इच्छा गॅरटीची होती. त्यासाठीच तो या चालण्यात उतरला होता, आणि सगळ्या वाटेभर मॅकव्रीस त्याला विनवत होता की सूड नको, प्रेम निवड.

श्रेयनामावली सुरू झाली तरी निम्मा हॉल बसूनच होता. शिक्षक उठले ते थेट पार्किंगमध्ये जाऊन थांबले. तिथे आमचं जे सुरू झालं ते थंडी वाजायला लागेपर्यंत चाललं. शिक्षक संतापलेले: ‘चाळीस वर्षं मी त्या काळ्या आकृतीबरोबर काढली, आणि यांनी ती काढून टाकली!’ मुलाला ती आकृती माहीतच नव्हती. त्याचा बांध तिथे फुटला. गाडीला टेकून तो रडत होता आणि एकच म्हणत होता की गॅरटी थांबायला नको होता, त्याची आई वाट बघत होती. त्याच्या आईनं त्याला रडू दिलं. दोघांचं दुःख एकाच चित्रपटाचं, पण एकाचा माणूस गेला होता आणि दुसऱ्याची गोष्ट गेली होती. समजूत कुणाची आणि कशी घालायची?

मला राग आला तो दुसऱ्या दिवशी, आणि तो आला मॅकव्रीससाठी. डेव्हिड जॉन्सननं हा मुलगा असा उभा केलाय की त्याच्याकडे बघितलं तरी धीर येतो. गालावर व्रण, आयुष्य खडतर गेलेलं, आणि तरी तो सकाळचा उजेड बघून खूश होतो. त्याच्या हातात बंदूक? मला वाटलं, मेजरनं त्यालाही मारलंच की. कामावर लक्ष लागेना. मग पुढच्या आठवड्यात दुपारच्या खेळाला एकटीच गेले.

यावेळी मी फक्त त्या दोघांकडे बघत होते. मॅकव्रीस पहिल्यापासून हात देतोय, कुणी मागे पडलं की खांद्याखाली खांदा घालतोय. स्वतःची ताकद दुसऱ्यावर खर्च करताना त्याला हिशोब सुचतच नाही. गॅरटी वाटेभर त्याच्याकडून हेच शिकतो, म्हणून शेवटी थांबू शकतो. आणि मॅकव्रीसकडे गॅरटीचा सूड येतो. दोघांनी आपापली ओझी बदलून घेतली. हे दिसल्यावर राग ओसरला, पण चित्रपटाचा शेवट कादंबरीपेक्षा चांगला आहे असं मी आजही म्हणणार नाही. मेजर मेला की प्रेक्षकाला सुटल्यासारखं वाटतं. आमच्या हॉलमध्ये दोघा-तिघांनी टाळ्याही वाजवल्या होत्या. कादंबरी तशी कुणालाच सोडत नाही. एक मेजर गेला म्हणून पुढच्या वर्षीची पोरं वाचतात का?

चित्रीकरण कथेच्याच क्रमानं केलं होतं हे मला माहीत होतं, पण दुसऱ्यांदा बघताना ते डोळ्यांना दिसलं. सुरुवातीला पोरांच्या चालण्यात ऐट आहे, शेवटी शेवटी पाय टाकले जात नाहीत, ओढले जातात. ज्याचं पात्र मेलं तो नट चमूतून कमी झाला, आणि उरलेल्यांच्या नजरेत ती रिकामी जागा आहे. हे नुसत्या अभिनयानं येत नाही असं मला वाटतं.

त्या रविवारी आईचा फोन आला. आमचं घर फलटणचं. ज्येष्ठ-आषाढात माउलींची पालखी मुक्कामाला येते तेव्हा आमची अख्खी आळी वारकऱ्यांच्या दिमतीला असते आणि आई पहाटेपासून चहा-पाण्यात. माझा आवाज बसलेला ऐकून तिनं विचारलं, काय झालं गं? मी सगळी गोष्ट सांगितली. ती मध्ये काही बोलली नाही. मग पहिला प्रश्न: ‘पाणी तरी देतात का त्यांना?’

‘देतात. सैनिक देतात.’

‘आणि गावातली माणसं?’

‘त्यांना द्यायची परवानगी नाही.’

‘मग कसली गावं ती? दारावरून पोरं चालत जातायत आणि घोटभर पाणी द्यायचं नाही?’

मला कादंबरीतला एक माणूस आठवला, जो चित्रपटात नाही. रस्त्याच्या कडेला तो पोरांसाठी कलिंगडं घेऊन उभा राहतो. पोलीस त्याला अडवतात, धरतात, तरी तो हिसडा देऊन कलिंगडाच्या फोडी पोरांकडे भिरकावतो. ज्यांच्या हाती लागतात ती पोरं बाकीच्यांना वाटून खातात. एवढ्या काळ्याकुट्ट पुस्तकात तीन-चार पानं पोरं हसतात. आईला सांगितलं तर ती म्हणाली, ‘आहे म्हणजे एक तरी माणूस.’ नंतरच्या प्रत्येक फोनवर ती काहीतरी विचारायची. त्या रडणाऱ्या पोराला किती लांबून आई दिसली? ओल्सनच्या बायकोचं पुढे कुणी बघितलं का? चित्रपट तिनं पाहिलेला नाही, बघणारही नाही म्हणते.

चित्रपटातून जे गेलं त्यात मला सगळ्यात जास्त हा कलिंगडवाला सलतो, शेवटापेक्षाही जास्त. पन्नासची संख्या, तीन मैल, स्क्रॅमची बायको ओल्सनला जाणं, हे सगळं मी समजून घेतलं. पण एकशे आठ मिनिटांत त्या माणसासाठी दोन मिनिटं निघायला हवी होती. आई म्हणाली तसा ‘एक तरी माणूस’ रस्त्याच्या कडेला दिसायला हवा होता.

मैत्रिणीच्या मुलानं मग माझा फाटका संग्रह वाचायला नेला. आणून दिला तेव्हा आम्ही चौघं पुन्हा भेटलो. कलिंगडाच्या पानावर त्यानं बसचं तिकीट खूण म्हणून ठेवलं होतं. त्यानं शिक्षकांना विचारलं, ‘गॅरटी शेवटी ज्याच्याकडे धावतो तो कोण? मृत्यू?’ शिक्षकांच्या मते मृत्यूच, त्यात शंका नको. मैत्रीण म्हणाली, आधी गेलेल्या पोरांपैकी कुणीतरी असेल, त्याला न्यायला आलेलं. मला वाटतं, गॅरटी जिवंत आहे आणि समोर फक्त पुढचा चालणारा आहे, ज्याला गाठलंच पाहिजे. एवढं चालल्यावर त्याला थांबता येत नाही. चित्रपटातला मॅकव्रीसही मेजरला मारून बंदूक टाकतो आणि पावसात चालतच राहतो. शिक्षकांना हे म्हटलं तर ते बराच वेळ विचार करून म्हणाले की तेवढ्या एका दृश्यासाठी ते चित्रपट पुन्हा बघतील, बाकीचा त्यांना अजून मंजूर नाही.